हौसावन्संचा कोरा चहा

आमच्या हौसावन्संनी सत्तावन्न वर्षं दुधाला तोंड लावलं नाही. दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूप नाही. आता माझी नात संस्कृती तेच करते, तर त्याला व्हिगन म्हणतात. वन्संच्या वेळेला नाव नव्हतं, म्हणून लोक खूळ म्हणायचे.

हौसावन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. आमची माणसं मूळची हिंगण्याची. आता त्याला कर्वेनगर म्हणतात आणि ज्वारीच्या जागी सोसायट्या आहेत. मामंजींनी, म्हणजे गेनबांनी, ही लेक रास्ता पेठेत दिली. दहा म्हशींचा गोठा होता त्यांचा. मुलीला दूधदुभतं कमी पडणार नाही, एवढंच बघितलं. मुलीच्या बापाला दुसरं काय दिसतं.

वन्संना मुलगा झाला. तीन महिन्यांचा होऊन गेला. काय झालं ते त्या काळी कुणाला कळायचं नाही, गेला म्हणजे गेला. त्याच आठवड्यात गोठ्यातलं एक रेडकू मेलं. रेडकू मेलं की म्हैस धार देत नाही. मग त्याचं कातडं काढतात, आत पेंढा भरतात आणि धार काढायच्या वेळेला ते म्हशीपुढे धरतात. म्हैस त्याला चाटते आणि पान्हा सोडते. वन्संच्या नवऱ्यानं ते पेंढ्याचं रेडकू वन्संच्याच हातात दिलं. म्हणाला, हलवू नकोस, नीट धर.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो तेव्हा. "तिनं चाटलं, सरू, आन् धार सुटली," म्हणाल्या. "माझी बी सुटली. लुगडं पार भिजलं. कुणीच बघितलं न्हाई, समदे चरवीकडं बघत होते."

त्या दिवसापासून दूध सुटलं. गोठेवाल्याच्या घरात सुनेनं दूध टाकायचं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यानं घंटा वाजवणार नाही म्हणण्यासारखं. सहा महिने त्यांनी बघितलं आणि आणून घातली माहेरी. आमचं नुकतं लग्न झालेलं, कसबा पेठेत दोन खोल्या, मालक महापालिकेत पाणीपुरवठ्याला. वन्सं एका ट्रंकेसह आल्या आणि कायमच्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मसाल्याच्या डंकावर कामाला लागल्या. तिखट कांडणारं ते यंत्र दिवसभर धाडधाड करायचं. शिंकून शिंकून बायका पळून जायच्या. वन्सं तिथं चौतीस वर्षं टिकल्या. एवढ्या तिखटात राहूनही नाक असलं तीक्ष्ण, की जिन्याखाली कुणी लोणी कढवलं तर वरच्या मजल्यावर पदर नाकाला लावायच्या.

स्वभावानं गोड बाई. पण लोकांकडे जाणं हळूहळू बंद झालं, त्याला कारण चहा. कुणाकडे गेलं की चहा येणार, आणि वन्सं म्हणणार, मला कोरा द्या. आमच्याकडे कोरा चहा कधी पितात, तर घरातलं माणूस पोचवून आल्यावर. त्या घरात त्या दिवशी दूध घालत नाहीत. मग भरल्या घरात कुणी कोरा मागितला की बायांच्या कपाळाला आठ्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "आमच्याकडं कोण गेलंय वाटतं?" त्यातून वन्सं नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांनी कुंकवाला जाणं सोडलं, मग बारशाला, मग लग्नाला. मला म्हणायच्या, "तू जा, माझं बी जेवून ये." दोघींचं जेवून मी गलेलठ्ठ झाले, त्या तशाच राहिल्या.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विक्रम, माझा मुलगा, सात वर्षांचा असताना वन्संना विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप. अंगात काही उरलं नाही, हाताची बांगडी कोपरापर्यंत चढायची. डॉक्टर म्हणाले, दूध द्या. मी म्हटलं, घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मग मी काय करू. तापात त्यांच्या नाकाला वास नव्हता. कापराची वडी धरली तरी कळायचं नाही. तेव्हा मी कणीक दुधात भिजवून दशम्या केल्या. प्रवासाला करतो तशा, मऊ. त्यांनी विचारलं, "पाण्यातली हाय ना?" मी म्हटलं, "पाण्यातलीच." बारा दिवस रोज विचारलं, बारा दिवस मी तेच सांगितलं. त्या उठून बसायला लागल्या. मला वाटलं, जिंकले.

तेराव्या दिवशी नाक मोकळं झालं. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्या बोलल्या असत्या, ताट फेकलं असतं, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी, पायात बळ आल्याबरोबर, बाजारातून एक स्टो, एक तवा आणि दोन पातेली घेऊन आल्या आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात मांडली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं आमच्या घरात दोन चुली होत्या. मालक गेले, जुनी जागा पाडून इमारत झाली, स्टो जाऊन एका बर्नरची शेगडी आली, पण कोपरा तसाच राहिला. सकाळी दोघी शेजारीशेजारी भाकऱ्या थापायचो, गप्पा मारत, हसत. भांडण नव्हतंच कधी. फक्त माझ्या हातचं त्या खायच्या नाहीत. माझ्याच काय, कुणाच्याच नाहीत.

मागच्या वर्षी संस्कृतीनं दूध सोडलं. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे ती. तिच्या आईनं, तनुजानं, घर डोक्यावर घेतलं. हाडं ठिसूळ होतील, लग्न कोण करेल, सगळं झालं. मधसुद्धा नको म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "मग गोकुळाष्टमीला हंडीत काय चुरमुरे भरायचे का गं?"

"आजी, चालतील की."

वन्सं कोपऱ्यातून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझं बी कोण गेलं काय?"

"नाही, आत्याआजी. मी व्हिडिओ बघितला. डेअरीत काय करतात ना, हॉरिबल असतं."

"नुस्ता बघून सोडलंस?" वन्संनी तिला जवळ बसवून घेतलं. "शानी हायस. आमाला हातात धरावं लागलं."

त्या दोघींचं त्या दिवसापासून एक झालं. पोरीच्या फोनवर म्हणे तिच्यासारख्यांसाठी जेवायच्या जागांची यादी असते, पण त्यात सगळी कोरेगाव पार्काकडची नावं. पेठांमधलं काही नव्हतं. ती म्हणाली, मी करते यादी. वन्सं तोंडभर हसल्या. "माझ्यासाठी बी बघ एखादी. मरायच्या आदी एकदा खुर्चीवर बसावं म्हनते. कुणीतरी समोर आणून द्यावं, आन् मला इचारायला लागू नये, ह्यात काय घातलंय."

हे त्या हसत म्हणाल्या. पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं होतं. या वयात कापाकापी नको, काय हवं ते खाऊ द्या म्हणाले. काय हवं ते.

रविवारी आम्ही तिघी निघालो. वन्संनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, पदराला फुटाण्याची पुडी बांधलेली, असू दे म्हणून. पोरीनं फोनवर अकरा नावं लिहिली होती.

पहिल्या ठिकाणी मिसळ. रस्सा तेलातला, वर दही नको म्हटलं की झालं, असा पोरीचा हिशोब. वन्सं दारातच थांबल्या. "ह्या तव्यावर लोणी पडलंय," म्हणाल्या. आत एकजण पाव भाजत होता, लोण्यातच. दुसऱ्या ठिकाणी पोरीनं विचारलं, "खिचडीत तूप असतं का?" गल्ल्यावरचे गृहस्थ वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "असतं."

"तूप न घालता मिळेल?"

"मिळेल."

"कधी?"

"दुसऱ्या दुकानात."

वन्संना एवढं हसू आलं की कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग पोट दुखलं म्हणून खाली टेकल्या. पोरगी घाबरली, रिक्षा करू म्हणाली. वन्सं म्हणाल्या, "अजून नऊ हायेत की."

शनिपाराकडे जाताना एका पहिल्या मजल्यावर जेवणघर आहे. पोरगी आधी एकटी जाऊन बोलून आली. जेवणघराचे मालक भले होते. म्हणाले, पोळीला तेल लावतो, भाजीत ओलं खोबरं असतं, आमटी तेलाच्या फोडणीची, बाईंच्या पानात दुधाचं काही येणार नाही, माझा शब्द. आम्ही जिना चढलो. वन्सं मध्ये दोनदा बसल्या.

खुर्ची मिळाली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी ताठ बसल्या, फोटोला बसल्यासारख्या. पान वाढायला आले. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर दह्याशिवायची. उजवीकडे अळूची भाजी, बटाट्याची भाजी. भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण. वन्सं सगळं बघत होत्या. नाक नेऊन वास घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बरोबर आहे, असं. मला काय झालं सांगता येत नाही, मी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागून एक वयस्कर वाढपी आला. हातात छोटी वाटी, तिच्यात चिमुकला चमचा. तीन पानं, तीन थेंब. टप, टप, टप. वन्संच्या मुदीवर पण.

पोरगी ताडकन उठली. "अहो काका, तूप नको म्हणून सांगितलं होतं ना."

"तूप कुठं वाढलंय?" तो खरोखरच गोंधळला. "तूप अजून यायचंय. ही अन्नशुद्धी."

"पण आहे तूपच ना ते?"

"थेंबभर. त्याशिवाय पान सुरू कसं करणार?"

मालक धावत आले, रागावले. म्हातारा कावराबावरा झाला. "मला सांगितलं होतं हो. तुपाची ओगराळी मी आतच ठेवली. पण अन्नशुद्धीला हात आपोआप जातो, तीस वर्षं झाली." दुसरं पान घालतो म्हणाले मालक. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांच्या लेखी तो थेंब तूप नव्हताच.

वन्संनी त्यांना हात जोडले. "राहू दे, दादा. तुमचा दोष न्हाई. माझं पोट भरलं." आणि हात धुवायला उठल्या, न जेवताच.

मी तिथं बसून होते. मनात येत होतं, या माणसाचा हात आपोआप गेला. माझा हात आपोआप गेला नव्हता. मी दूध मोजून घेतलं होतं.

जिन्याच्या खाली संस्कृती रडायला लागली. नाव खोडलं यादीतून. वन्सं तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "रडू नगं. निदान चहा तर पिऊ कुठंतरी. तुझी आजी चहाबिगर चिडते."

कोपऱ्यावर बद्रीनाथचं अमृततुल्य होतं. राजस्थानी घर, तीन पिढ्या पुण्यातल्या, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. पितळी पातेल्यात दुधाचा चहा उकळत होता, वेलची कुटलेली. पोरगी म्हणाली, "एक साधा आणि दोन कोरे."

बद्रीनाथनं आमच्या तिघींकडे बघितलं. आवाज खाली केला आणि स्मशानाचं नाव घेतलं. "वैकुंठावरून आलात का?"

"नाही हो," पोरगी म्हणाली आणि चालू झाली, दूध, डेअरी, व्हिगन. त्यानं अर्ध्यातच हात वर केला.

"ताई, समजलं. बसा. पण वेळ लागेल."

त्यानं एक लहान भांडं काढलं, आतून बाहेरून घासलं, उन्हात धरून बघितलं आणि परत घासलं. पाणी ठेवलं. चहा गाळायचं फडकं दुधानं पिवळं झालेलं होतं. ते बाजूला केलं. खालच्या खणातून कोऱ्या कापडाचा गठ्ठा काढला आणि टर्रकन एक तुकडा फाडला. समोर गिऱ्हाइकं ताटकळत होती. एकानं विचारलं, "शेठ, आज काय सत्यनारायण आहे का?" बद्रीनाथ म्हणाला, "हो, प्रसाद शेवटी मिळेल, उभे राहा."

वन्सं एकटक बघत होत्या. फडकं फाडलं तेव्हा ओठ हलले त्यांचे. चहा आला. काचेच्या ग्लासात, तांबडा, आरपार. त्यांनी वास घेतला, मग उजेडाकडे धरला आणि प्यायल्या. पदरातले फुटाणे सोडून समोर ठेवले. दुसरा मागितला.

"ह्याचं नाव लिव," पोरीला म्हणाल्या. मग मला, "परक्याच्या हातचं गोड लागतं, न्हाई का गं?"

मी हो म्हटलं. माझा दुधाचा चहा गार झाला होता. पंचेचाळीस वर्षांनी बाईनं दुसऱ्याच्या हातचं काही घेतलं, याचा मला आनंद झाला. आणि तो दुसरा मी नव्हते, याचं वाईटही वाटलं. म्हातारपणी माणूस फार शहाणं होतं म्हणतात, मला अजून अनुभव नाही.

दोन महिन्यांत वन्सं अंथरुणाला लागल्या. कोपऱ्यातली शेगडी बंद झाली. संस्कृती त्या दिवसांत घरूनच काम करायची. तीच वन्संच्या तव्यावर भाकरी करायची, अमेरिकेच्या नकाशासारखी, आणि वन्सं ती कौतुकानं दोन घास खायच्या. मी पीठ चाळून द्यायचे, पाणी तापवून द्यायचे. परातीत हात घालायचे नाही.

एका बुधवारी पोरीला ऑफिसात बोलावलं. जाताना मला म्हणाली, "आजी, आज तूच कर ना. काय होतंय?" तिला दशमीचं काही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, वन्संनीही नाही.

मी त्यांच्या कॉटसमोर परात घेऊन बसले, त्यांना दिसेल अशी. कळशीतलं पाणी घेतलं. भाकरी टम्म फुगली. पापुद्रा काढून, वर तेल-चटणी घालून ताटली पुढे धरली. त्यांनी भाकरी नाकाजवळ नेली. बराच वेळ धरून ठेवली.

"वास येत न्हाई गं मला," म्हणाल्या. "औषदानं गेला."

"पाण्यातली आहे, वन्सं."

त्यांनी भाकरी ताटलीत ठेवली. मलाच माझे शब्द ऐकू आले. तेव्हाही हेच म्हटलं होतं, अगदी याच आवाजात.

"चुकले मी तेव्हा," मी म्हटलं. पंचेचाळीस वर्षं घशात होतं, निघालं तेव्हा एवढंसंच निघालं.

"चुकलीस कुठं? त्यानंच जगले की मी." माझ्या हातावर हात ठेवला त्यांनी. हलका, पिसासारखा. "राग तवाच गेला, सरू. इस्वास तेवढा माघारी आला न्हाई. मी लई वाट बघितली त्याची. आता त्याला मी तरी काय करू?"

मी ताटली झाकली. पोरगी आल्यावर खातील म्हणून बाजूला ठेवली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "चहा कर. कोरा. माझ्या भांड्यात. त्यात दिसतं तरी समदं."

मी त्यांची बंद पडलेली शेगडी पेटवली. चहा केला, काचेच्या ग्लासात ओतला, खिडकीकडे धरून त्यांना दाखवला. तांबडा, आरपार. त्यांनी मान हलवली. चमच्यानं पाजला. सात चमचे गेले. उरलेला मी प्यायले, पहिल्यांदाच. कडू होता, साखर विसरले होते मी, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

पोरगी रात्री दमून आली तोवर त्यांना झोप लागली होती. भाकरी तशीच राहिली. शुक्रवारी पहाटे वन्सं गेल्या.

वैकुंठावरून माणसं परत आली. दाराशी पाय धुऊन सतरंजीवर टेकली. शेजारच्या बायका ओट्याशी आल्या, चहा आम्ही करतो म्हणाल्या. मी म्हटलं, नको. वन्संच्याच शेगडीवर, त्यांच्याच दोन पातेल्यांत, मी पंचवीस-तीस माणसांचा चहा केला. चार वेळा ठेवावा लागला. ज्या बाईनं वन्संना विचारलं होतं, आमच्याकडं कोण गेलंय, तिची सून आली होती. तिनं कप घेतला आणि प्यायली. सगळेच प्यायले, कोरा. कुणी कपाळाला आठी घातली नाही. एवढी माणसं आपल्याबरोबर चहाला बसली, ते बघायला वन्सं तेवढ्या नव्हत्या.

आता तीन महिने होऊन गेले. परवा खालची बाई आली, तिला चहा दिला. तिचा दुधाचा, माझा कोरा. तिनं माझ्या ग्लासाकडे बघितलं. "अहो आजी, सुतक कधीच फिटलं की. अजून कोराच?"

मी म्हटलं, "असू दे. सवय करतेय."